टॅबचे कुलूप आणि खात्याची किल्ली

टॅबचा पासकोड विसरल्यावर त्यात पुन्हा प्रवेश मिळवायचा म्हणजे नेमके काय मिळवायचे, याचा निर्णय आधी करावा लागतो. कारण यंत्र आणि यंत्रात साठवलेला मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अलीकडच्या टॅबांच्या बाबतीत पहिली बहुधा परत मिळते, दुसरी बहुधा मिळत नाही. पासकोड हा शब्द येथे व्यापक अर्थाने घेतला आहे. चार किंवा सहा अंकी पिन, नऊ ठिपक्यांमधून रेघ ओढून काढायचा पॅटर्न आणि अक्षरे व अंक मिसळून केलेला पासवर्ड या तिन्हींचा त्यात समावेश होतो. कामशेत, वडगाव किंवा तळेगावच्या बाजारपेठेतील मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात 'लॉक उघडून द्या' असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मनात आतले फोटो आणि मुलांच्या वह्यांची छायाचित्रे असतात, तर दुकानदाराच्या मनात पुन्हा चालू होणारे कोरे यंत्र असते. टॅब परत घेताना होणारी बरीचशी कुरबुर एकाच वाक्याच्या या दोन अर्थांमुळे होते.

पासकोड विसरला जातो तो स्मरणशक्ती कमी पडते म्हणून नव्हे, तर तो टाकण्याची वेळच क्वचित येते म्हणून. बोटाचा ठसा किंवा चेहरा ओळखून उघडणारे यंत्र मालकाला पासकोडची आठवण ठेवण्याच्या कामातून मोकळे करते, पण पासकोडची गरज मात्र संपवत नाही. आयपॅड बंद होऊन पुन्हा सुरू झाला, सलग ४८ तास उघडला गेला नाही किंवा ठसा अथवा चेहरा पाच वेळा जुळला नाही, तर तो पासकोडच मागतो; अँड्रॉइड टॅबही साधारणपणे ७२ तासांतून एकदा तशीच मागणी करतो. रोज वापरणाऱ्याची यामुळे आपोआप उजळणी होते. महिनोन्‌महिने कपाटात पडून राहणाऱ्या टॅबच्या मालकाची ती होत नाही, आणि नेमक्या त्याच्यावरच एके दिवशी पासकोड आठवण्याची वेळ येते.

मावळ तालुक्यात या परिस्थितीला स्थानिक कारणांचीही जोड मिळते. लोणावळा आणि खंडाळा परिसरात मुंबई-पुण्याच्या कुटुंबांचे अनेक बंगले वर्षातील मोठा काळ बंद असतात, आणि मुलांच्या करमणुकीसाठी आणलेला जुना टॅब अशा घरात ठेवून देण्याची पद्धत सर्रास आढळते. लोणावळ्याचा वार्षिक पाऊस चार हजार मिलिमीटरच्या घरात जातो. त्या चार महिन्यांत वीज येत-जात राहते, टॅबची बॅटरी पूर्ण उतरते, आणि दिवाळीच्या सुट्टीत तो चार्जरला लावला की नव्याने सुरू होतो. नव्याने सुरू झालेले यंत्र ठसा स्वीकारत नाही, आणि ज्याने पासकोड ठेवला तो मुलगा एव्हाना दोन इयत्ता पुढे गेलेला असतो. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तीन खोऱ्यांतील शेतकरी घरांत कारण निराळे असते. भातलावणीच्या दिवसांत चिखलापाण्यात काम करून बोटांच्या पेरांवरील रेषा झिजतात व कातडी सुरकुतते, त्यामुळे ठसा जुळत नाही. शिवाय ओल्या काचेवरचा स्पर्श भलत्याच ठिकाणी नोंदला जाऊन बरोबर टाकलेला पिनही चुकीचा ठरू शकतो. पासकोड विसरला असे ठरवण्याआधी हात आणि पडदा कोरडा पुसून पाहावा, ही सूचना क्षुल्लक वाटली तरी पावसाळी मुलखात ती अगदी पहिली आहे.

पासकोड विसरल्यावर तो यंत्रातून 'काढून' का घेता येत नाही, हे समजण्यासाठी कुलपाची रचना पाहावी लागते. सर्वसाधारण समज असा असतो की पासकोड यंत्रात कुठेतरी लिहून ठेवलेला असतो आणि टाकलेला कोड त्याच्याशी ताडून पाहिला जातो, म्हणून जाणकाराला तो वाचता यायला हवा. वस्तुस्थिती अशी नाही. आधुनिक टॅबमधील मजकूर सांकेतिक रूपात, म्हणजे योग्य किल्लीवाचून अर्थहीन दिसेल अशा रूपात साठवलेला असतो, आणि ती किल्ली पासकोड व प्रक्रियकात कारखान्यातच कोरलेली एक गुप्त संख्या या दोहोंच्या मिश्रणातून दर वेळी नव्याने तयार केली जाते. गुप्त संख्या त्या एका यंत्रापुरतीच असते आणि ती बाहेर वाचता येत नाही. साठवणुकीची चिप सोडवून दुसऱ्या यंत्रात बसवली तरी हाती निरर्थक आकडेच येतात, ते याच कारणाने. आयपॅडमध्ये हे काम करणारा स्वतंत्र सुरक्षित कक्ष २०१३ च्या आयपॅड एअरपासून आहे. अँड्रॉइडच्या जगात, पुरेशी क्षमता असलेल्या नव्या यंत्रांवर मजकूर सांकेतिक करणे २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून बंधनकारक झाले.

उरतो तो मार्ग एकेक शक्यता टाकून पाहण्याचा, आणि येथे गणित उद्‌बोधक आहे. चार अंकी पिनच्या १०,००० शक्यता असतात, सहा अंकी पिनच्या १० लाख, आणि नऊ ठिपक्यांच्या पॅटर्नच्या ३,८९,११२. आयपॅडमध्ये एक प्रयत्न तपासायला साधारण ८० मिलिसेकंद लागतील अशी योजना मुद्दाम केलेली आहे. या वेगाने आणि कुठलीही आडकाठी नसताना चार अंकी पिनच्या सर्व शक्यता सुमारे सव्वातेरा मिनिटांत संपतील आणि सहा अंकी पिनच्या सुमारे २२ तासांत. लहान इंग्रजी अक्षरे व अंक मिसळलेल्या सहा वर्णांच्या पासवर्डला मात्र साडेपाच वर्षे लागतील. अंकी पिनचे खरे संरक्षण त्यामुळे त्याच्या लांबीत थोडे आणि प्रयत्नांवरील मर्यादेत पुष्कळ असते. काही चुका झाल्या की यंत्र प्रथम एक मिनिट थांबायला लावते, मग पाच मिनिटे, मग पंधरा, मग तास आणि त्याहूनही अधिक, आणि आयपॅड दहा चुकांनंतर दार कायमचे लावून घेतो. तशी मांडणी आधी करून ठेवली असेल तर दहाव्या चुकीनंतर आतला मजकूर आपोआप पुसलाही जातो.

ही मर्यादा किती निर्णायक आहे, याची चर्चा २०१६ साली जगभर झाली. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतील सॅन बर्नार्डिनो येथे झालेल्या हल्ल्याच्या तपासात एका हल्लेखोराचा आयफोन ५सी बंद अवस्थेत हाती आला, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायालयाने ॲपलला मदतीचा आदेश दिला. त्या आदेशात पासकोड मागितलेला नव्हता, कारण तो कंपनीकडेही नसतो. प्रयत्नांची मर्यादा आणि त्यांमधील सक्तीची विश्रांती काढून टाकणारी वेगळी प्रणाली मागितली होती. कंपनीने नकार दिला, आणि मार्चअखेरीस तपास यंत्रणेने तिसऱ्याच कोणाच्या मदतीने फोन उघडल्याचे सांगून अर्ज मागे घेतला. जे काम एका बलाढ्य राष्ट्राच्या तपास यंत्रणेला आठवडेच्या आठवडे अडवून धरते, ते काही शे रुपयांत 'डेटा न जाता' करून देण्याची हमी मिळत असेल, तर त्या हमीकडे कोणत्या नजरेने पाहावे हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

प्रत्यक्ष उपायांत सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे हात आवरणे. घाईघाईने सुचेल तो आकडा टाकत गेल्यास मोजके प्रयत्न वाया जातात आणि प्रतीक्षेचा काळ वाढत जातो. त्यापेक्षा टॅब बाजूला ठेवून घरातील कोणी, केव्हा व कशावरून पासकोड ठेवला याची चौकशी करावी, आणि टाकून पाहिलेले आकडे कागदावर लिहून ठेवावेत. पिन पुष्कळदा आकड्यांच्या रूपात नव्हे तर बोटांच्या हालचालीच्या रूपात लक्षात राहतो. आकडा आठवण्याचा आटापिटा सोडून कागदावर काढलेल्या अंकपट्टीवर बोट नेहमीप्रमाणे फिरवून पाहिले, तर कधीकधी क्रम आपसूक हाती लागतो. अक्षरी पासवर्ड असेल तर कळफलक मराठीवर राहिला आहे की इंग्रजीवर, आणि मोठ्या अक्षरांची कळ दाबलेली आहे का, हे पाहणे आवश्यक असते.

कालच बदललेला नवा पासकोड आज आठवत नाही, हा प्रकार इतका सार्वत्रिक आहे की ॲपलने त्यासाठी स्वतंत्र सोय केली. आयपॅडच्या सतराव्या प्रणालीपासून, म्हणजे २०२३ पासून, बदलानंतर ७२ तासांपर्यंत आधीचा पासकोड वापरून नवा ठेवता येतो, आणि यात मजकूर जात नाही. विसरलेल्या पासकोडवर मजकूर न गमावता मात करण्याचा आयपॅडमधील अधिकृत मार्ग वैयक्तिक मालकाला एवढाच आहे. ही मुदत उलटली की पुढचे सर्व मार्ग यंत्र पुसण्याकडेच जातात.

आयपॅड पुसण्याचे दोन मार्ग आहेत. प्रणाली १५.२ किंवा त्यानंतरची असेल तर अनेक चुकांनंतर पडद्यावरच पासकोड विसरल्याचा पर्याय उमटतो. तो निवडून ॲपल खात्याचा पासवर्ड दिला की यंत्र स्वतःला पुसून नव्या टॅबसारखे सुरू होते. यासाठी आयपॅड इंटरनेटला जोडलेला असावा लागतो, आणि मावळात अडचण नेमकी येथे येते. पुन्हा सुरू झालेला आयपॅड पासकोडने एकदा उघडल्याशिवाय घरच्या ओळखीच्या वाय-फायलाही आपोआप जोडला जात नाही, कारण वाय-फायचा पासवर्डही त्याच बंद कप्प्यात असतो. त्यात सिमकार्डाची सोय नसलेला टॅब असेल तर बंगल्यातले वेगवान इंटरनेट त्याच्या उपयोगाला येत नाही. अशा वेळी संगणकाचा मार्ग घ्यावा लागतो. आयपॅड बंद करून, होम बटण असलेल्या नमुन्यात ते बटण आणि नसलेल्या नमुन्यात वरचे बटण दाबून धरत तो तारेने संगणकाला जोडला की तो पुनर्स्थापनेच्या स्थितीत जातो, आणि संगणक नवी प्रणाली उतरवून त्याच्यावर बसवतो. ही प्रणाली काही जीबी आकाराची असते, आणि ती उतरायला १५ मिनिटांहून अधिक वेळ लागला तर आयपॅड त्या स्थितीतून बाहेर पडतो व बटण दाबण्याचा क्रम पुन्हा करावा लागतो. पवना धरणाच्या भोवतालच्या वाड्यांमध्ये किंवा राजमाचीच्या वाटेवर, जेथे डोंगराआड मोबाइलचा सिग्नल धापा टाकतो, तेथे हा खटाटोप करण्यापेक्षा आयपॅड, तार आणि लॅपटॉप घेऊन लोणावळ्यात किंवा तळेगावात चांगल्या जोडणीच्या ठिकाणी बसणे अधिक शहाणपणाचे ठरते.

अँड्रॉइड टॅबची कथा समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते, कारण त्याविषयीचे पुष्कळसे लोकज्ञान जुन्या काळातले आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये 'आकाश' हा स्वस्त टॅब पुढे आणला आणि त्याची सुधारित आवृत्ती आयआयटी मुंबईच्या सहभागाने २०१२ मध्ये आली. भारतातील अनेक विद्यार्थ्यांना टॅब ही वस्तू प्रथम कळली ती या सुमारास. त्या काळच्या अँड्रॉइडमध्ये पॅटर्न पाच वेळा चुकला की पडद्यावर 'पॅटर्न विसरलात?' असा प्रश्न येई, आणि गूगल खात्याचा पासवर्ड दिल्यावर मजकूर जसाच्या तसा ठेवून टॅब उघडे. ही सोय ४.४ या आवृत्तीपर्यंत होती. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीपासून ती गेली. जुना अनुभव असलेले नातेवाईक आजही 'जीमेल टाकलं की उघडतं' असा सल्ला देतात, आणि तो त्यांच्या काळापुरता खरा होता. जुना टॅब कपाटात सापडला तर त्याची आवृत्ती पाहून हा मार्ग आधी जरूर चाचपावा.

नव्या अँड्रॉइड टॅबला पुसून कोरा करणे हाच सर्वसाधारण उपाय आहे. टॅब बंद करून चालू-बंदचे बटण आणि आवाज वाढवण्याचे बटण एकत्र दाबून धरले की काळ्या पडद्यावर एक साधी यादी येते; काही नमुन्यांत त्यासाठी तार संगणकाला जोडलेली असावी लागते. त्या यादीतील फॅक्टरी रिसेट, म्हणजे कारखान्यातून निघाल्यासारखी स्थिती आणणारा पर्याय निवडला की सर्व मजकूर जातो. दुकानदार यालाच 'हार्ड रिसेट मारणे' म्हणतात. त्याआधी एक गोष्ट करून घेणे फायद्याचे असते. टॅबमध्ये मेमरी कार्ड असेल आणि ते टॅबच्या अंतर्गत साठ्याचा भाग म्हणून जोडलेले किंवा सांकेतिक केलेले नसेल, तर ते काढून दुसऱ्या यंत्रात वाचता येते, आणि सहलीचे फोटो अनेकदा तेथेच सुखरूप असतात. गूगल फोटोजमध्ये आधीच चढलेली छायाचित्रेही खात्यातून पुन्हा मिळतात. अँड्रॉइडच्या क्लाउडमधील राखीव प्रतीत मात्र एक फारशी माहीत नसलेली अट आहे. नवव्या आवृत्तीपासून ॲपमधील माहितीची ती प्रत टॅबच्या पडदा-कुलपाच्या कोडनेच बंद केलेली असते, आणि ती परत आणताना जुन्या यंत्राचा पिन किंवा पॅटर्न मागितला जातो. जो तोच विसरला त्याला ही प्रत असून नसल्यासारखी.

रिसेट झाल्यावर काम संपले असे वाटते, पण दुसरे दार तेथूनच सुरू होते. चोरलेले यंत्र पुसून विकता येऊ नये म्हणून ॲपलने २०१३ मध्ये सातव्या प्रणालीपासून ॲक्टिव्हेशन लॉक, आणि गूगलने २०१५ मध्ये ५.१ या आवृत्तीपासून फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन, म्हणजे दुकानी बोलीतले 'एफआरपी', आणले. दोहोंचे तत्त्व एकच आहे: यंत्र पूर्ण कोरे झाले तरी ते सुरू करताना आधीच्या मालकाचे ऑनलाइन खाते आणि त्याचा पासवर्ड मागते. यंत्राचे भवितव्य त्यामुळे यंत्राबाहेरच्या एका जागेवर अवलंबून राहते, आणि मावळच्या वाचकाला ही रचना परकी वाटू नये. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी ओळीने चार प्रवेशद्वारे असलेला लोहगड, ज्याचा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या लष्करी भूदृश्यांतील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून समावेश झाला, तो १८१८ च्या मार्च महिन्यात इंग्रजांच्या हाती गेला तेव्हा त्या दरवाजांवर लढाई झाली नाही. शेजारचा, त्याहून उंच असलेला विसापूर कर्नल प्रॉथरच्या फौजेने आधी घेतला, आणि त्या माथ्यावरून लोहगड थेट माऱ्यात आल्याने तो दुसऱ्याच दिवशी सोडून द्यावा लागला. टॅबच्या बाबतीत पासकोड हे लोहगडाचे दरवाजे, आणि ॲपल किंवा गूगल खाते हा विसापूर. ज्याचा खात्यावर ताबा आहे त्याला पासकोड विसरल्याचा फटका मजकुरापुरता बसतो, यंत्र त्याचेच राहते. आणि ज्याचे खाते हातचे गेले त्याला पासकोड पाठ असूनही पुढेमागे यंत्र गमावण्याची वेळ येऊ शकते.

भारतातील मोठी अडचण या खात्यापाशीच आहे. टॅब विकत घेताना गूगल खाते उघडण्याचे काम पुष्कळ ठिकाणी दुकानदार किंवा शेजारचा जाणता मुलगा करून देतो. खात्याचे नाव, पासवर्ड आणि खाते परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल क्रमांक मालकाला कधीच ठाऊक नसतो, आणि टॅब व्यवस्थित चालू असेपर्यंत ते ठाऊक नसल्याचे कळतही नाही. ॲपल आणि गूगल या दोन्ही कंपन्या विसरलेले खाते नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकावरून किंवा दुसऱ्या ईमेलवरून शोधून देतात, पण तो क्रमांक चालू असला पाहिजे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार ९० दिवस वापराविना राहिलेला आणि पुरेशी शिल्लक नसलेला प्रीपेड क्रमांक कंपनीला बंद करता येतो, आणि पुढे तोच क्रमांक दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. दुसरे सिम रिचार्ज न करता सोडून देण्याची काटकसर अशा रीतीने काही वर्षांनी टॅबवर येऊन आदळते. खाते मिळवण्यासाठी त्यावर पूर्वी ज्या फोनवरून किंवा संगणकावरून प्रवेश केला होता त्याच यंत्रावरून, आणि शक्यतो घरच्याच इंटरनेटवरून प्रयत्न करणे अधिक फलदायी ठरते, कारण कंपन्या ओळख पटवताना यंत्र आणि ठिकाण यांचाही विचार करतात. गूगल खात्याचा पासवर्ड नुकताच बदलला असेल तर रिसेट करण्याआधी २४ तास थांबावे, असे गूगल सांगते. ॲपल खात्याच्या पुनर्प्राप्तीत तर काही दिवसांची प्रतीक्षा लागू शकते. हा विलंब त्रासदायक असला तरी तो मुद्दाम ठेवलेला आहे, कारण चोराला घाई असते आणि मालकाला ती सहसा नसते.

खाते कोणत्याच मार्गाने मिळाले नाही, तर आयपॅडच्या मालकाला खरेदीची पावती दाखवून ॲपलकडे ॲक्टिव्हेशन लॉक काढण्याची विनंती करता येते. पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक असेल तर काम सोपे होते, आणि यंत्र पुसले जाणार हे त्यात गृहीतच असते. अँड्रॉइडमध्ये टॅब बनवणाऱ्या कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र पावती पाहून मदत करू शकते. पावतीला इतके मोल असूनही ती बहुधा खोक्याबरोबर रद्दीत जाते, हे खेदाने नमूद करावे लागते.

रस्त्यावरच्या दुकानात मिळणारा 'एफआरपी बायपास' हा याहून निराळा प्रकार आहे. त्यात कुलूप उघडले जात नाही. जुन्या प्रणालीत राहून गेलेल्या एखाद्या चुकीचा फायदा घेऊन त्याला वळसा घातला जातो, आणि कारागिराचे यश त्याच्या कौशल्याइतकेच टॅबला सुरक्षा-सुधारणा किती वर्षे मिळाल्या नाहीत यावर अवलंबून असते. अँड्रॉइडच्या पंधराव्या आवृत्तीने तर असा वळसा लक्षात आल्यास यंत्र पुन्हा रिसेटकडे नेण्याची व्यवस्था केली आहे. वळसा घातलेल्या टॅबवर मुलांनी चित्रे काढायला हरकत नाही, पण त्यात बँकेचे ॲप ठेवणे उचित नव्हे. 'फ्लॅश मारणे', म्हणजे संगणकावरून प्रणाली नव्याने भरणे, यानेही मजकूर वाचत नाही आणि खात्याची मागणी बहुधा टळत नाही. पैसे घेऊन कोणताही पासकोड काढून देण्याचे आश्वासन देणारी संगणकीय साधने आयपॅडच्या बाबतीत जे करतात ते सामान्यतः वर सांगितलेले पुसणेच असते, आणि ते अधिकृत मार्गाने फुकट होते.

जुना टॅब विकत घेणाऱ्याने याच कारणासाठी विक्रेत्यासमोरच टॅब सुरू करून त्याचे खाते काढून घेतलेले आहे याची खात्री करावी. आयपॅडच्या बाबतीत प्रामाणिक विक्रेत्याला हे नंतर दूरवरूनही, आपल्या खात्यातील यंत्रांच्या यादीतून तो टॅब वगळून, करता येते. जो ते टाळतो त्याचा टॅब चोरीचा असण्याची शक्यता उरते, आणि चोरीचे संगणकीय यंत्र जाणूनबुजून बाळगणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ख अन्वये तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. सिमकार्ड घेणाऱ्या टॅबला फोनसारखाच आयएमईआय क्रमांक असतो, आणि दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या सेवेवर तो क्रमांक तपासता येतो. केवळ वाय-फायवर चालणाऱ्या टॅबला ही सोय लागू होत नाही.

संस्थेने दिलेल्या टॅबची गोष्ट वेगळी आहे आणि विद्यार्थ्यांच्या पालकांनी ती लक्षात घेण्याजोगी आहे. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले. नागपूरची 'महाज्योती' ही संस्था इतर मागासवर्गीय व भटक्या विमुक्त जमातींच्या विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या तयारीसाठी टॅब व इंटरनेट डेटा पुरवत आली आहे. मोठ्या संख्येने यंत्रे वाटणाऱ्या संस्था पुष्कळदा त्यांवर यंत्र-व्यवस्थापन प्रणाली बसवतात, म्हणजे एका कार्यालयातून सर्व टॅबांवर ॲप चढवण्याची, बंधने घालण्याची आणि कुलपे सांभाळण्याची सोय. अशी प्रणाली आधीपासून योग्य रीतीने जोडलेली असेल, तर प्रशासकाला विसरलेला पासकोड दूरवरून काढून टाकता येतो आणि मजकूरही राहतो. आयपॅडमध्ये त्यासाठी ठरलेली आज्ञा आहे आणि अँड्रॉइडमध्ये आठव्या आवृत्तीपासून तशी तरतूद आहे. उलट पालकाने बाजारात नेऊन त्याला रिसेट मारले, तर अभ्यास जातोच, शिवाय टॅब सुरू होताना संस्थेच्या व्यवस्थापनाकडेच परत वळतो. वाटप झालेल्या टॅबचा पासकोड विसरला तर शाळेला किंवा संस्थेला कळवण्याआधी त्याला हात लावू नये, इतका सरळ नियम येथे पुरतो, आणि तो वाटपाच्या दिवशीच छापून दिला तर अनेकांचे कष्ट वाचतील.

मालकच हयात नसेल तर पासकोड विसरलेला नसतो, तो कोणालाच माहीत नसतो. निवृत्तीनंतर तळेगाव किंवा लोणावळ्यात स्थायिक झालेल्या ज्येष्ठांच्या टॅबमध्ये परदेशातील नातवंडांशी झालेल्या संभाषणांपासून औषधांच्या चिठ्ठ्यांपर्यंत बरेच काही असते, आणि मुलांना ते हवे असते. ॲपलने डिसेंबर २०२१ पासून वारसा-संपर्काची सोय दिली आहे: हयातीत नेमलेली व्यक्ती तिला मिळालेली प्रवेश-किल्ली आणि मृत्यूचा दाखला सादर करून खात्यातील फोटो व कागदपत्रे मिळवू शकते, आणि त्या खात्याला जोडलेल्या यंत्रांचे ॲक्टिव्हेशन लॉकही निघते, मात्र टॅबचा पासकोड त्यातूनही मिळत नाही, यंत्र पुसूनच वापरावे लागते. गूगलची निष्क्रिय खात्याची व्यवस्था २०१३ पासून आहे. तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने खाते वापरले गेले नाही तर निवडलेल्या, जास्तीत जास्त दहा व्यक्तींना कळवून ठरवलेली माहिती त्यांच्या हवाली करता येते. ही व्यवस्था केलेली नसेल तर काळ उलट्या दिशेने काम करतो, कारण दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे. वडिलांचा बंद टॅब 'पुढे कधीतरी बघू' म्हणून लोणावळ्याच्या घरात ठेवून देणाऱ्या कुटुंबाच्या हाती, टॅब उघडला न उघडला तरी, खात्यातले फोटो उतरवून घेण्यासाठी शेवटच्या वापरापासून तेवढीच दोन वर्षे असतात.